फोन माणसाच्या मागे धावला तो शुक्रवार

भोसरी एमआयडीसीत गुरुवारची सुट्टी. त्यामुळे टेलिफोनची उलथापालथ करायची असली की आम्ही गुरुवार धरतो आणि शुक्रवारी सकाळी पहिल्या शिफ्टला हजर राहतो. हा कारखाना गिअर बनवणारा. मागे तीन शेड, पुढे दुमजली ऑफिस. मालकांची तक्रार एकच होती, माणूस जागेवर सापडत नाही. बाहेरून फोन आला की रिसेप्शनच्या मॅडम आधी केबिनला लावणार, मग क्वालिटीला, मग स्टोअरला. तोवर पलीकडचा कंटाळून ठेवून देणार. मालकांना हवं होतं ते असं: माणूस जिथे असेल तिथला फोन आपोआप वाजावा, आणि तो गेटबाहेर असेल तर फोन त्याच्या मोबाईलवर जावा.

जीपीएसचा इथे उपयोग नसतो. पत्र्याच्या शेडखाली सिग्नल धड मिळत नाही, मिळालाच तर मजला कळत नाही. शिवाय मोबाईलवर कुंपण, म्हणजे माणूस हद्दीत आला-गेला की कळवणारी रेघ, आखायचं तर शंभर मीटरच्या आत ते भरवशाचं राहत नाही, आणि तेवढ्यात अख्खा कारखाना मावतो. म्हणून वायफाय घेतलं. कोणाचा मोबाईल कुठल्या अ‍ॅक्सेस पॉइंटला, म्हणजे वायफायच्या कुठल्या डबीला, चिकटलाय हे त्या सगळ्या डब्या सांभाळणाऱ्या कंट्रोलरला माहीत असतंच. ते दर थोड्या वेळाने उचलायचं, अ‍ॅक्सेस पॉइंटसमोर जवळच्या एक्स्टेन्शनचा नंबर लिहिलेली यादी ठेवायची आणि अ‍ॅस्टेरिस्कला, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला, सांगायचं, या माणसाचा कॉल आता तिकडे वाजव. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात मोबाईल हट्टी असतात. माणूस शेड तीनमध्ये पोचला तरी फोन शेड दोनचा अ‍ॅक्सेस पॉइंट सोडत नाही. खिशात झोपला की वायफायही झोपतं आणि सिस्टिमला वाटतं साहेब घरी गेले. त्यामुळे लागोपाठ काही वेळा तीच जागा दिसल्याशिवाय हलवायचं नाही, असा नियम घातला. प्रत्येकाच्या मोबाईलमधला रँडम मॅक, म्हणजे वायफायला दाखवायचा बदलता ओळख-नंबर, तोही बंद करून घेतला. त्यात निम्मा दिवस गेला, कारण प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये ते बटण वेगळ्या कोपऱ्यात लपवलेलं असतं.

एक्स्टेन्शनची यादी मालकांनी सही करून दिली होती. कॉन्फरन्स रूम त्यात त्यांनीच घालायला लावली. "साहेब लोक तिथेच तर बसलेले असतात," म्हणाले.

शुक्रवारी सकाळ झकास गेली. मेंटेनन्सचे साहेब शेड तीनमध्ये एका व्हीएमसी मशीनखाली आडवे होते. स्पेअरवाल्याचा फोन थेट तिथल्या भिंतीवर वाजला, हेल्परने हाक मारली, दोन वाक्यांत पार्ट नंबर ठरला. एरवी याच कामाला दुपार उजाडली असती. मॅडम रिसेप्शनवर रिकाम्या बसल्या होत्या. मी शेजारीच लॅपटॉपवर लॉग बघत होतो, आणि त्या लॅपटॉपकडे बघत होत्या. नजर फारशी प्रेमाची नव्हती.

साडेअकराच्या सुमारास क्वालिटीच्या साहेबांसाठी कॉल आला. लॉगमध्ये ओळ सरकली: पहिला मजला, कॉन्फरन्स रूम, उचलला. मॅडमनी बोर्डावरचा दिवा पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, वर ऑडिट चालू आहे ना?"

होतं. ग्राहक कंपनीचे दोन ऑडिटर सकाळपासून वर बसले होते. कॉन्फरन्स रूमच्या टेबलावरचा तो तीन पायांचा फोन तुम्ही पाहिला असेल. त्याला रिसीव्हर नसतो. उचलायचं बटण दाबलं की सरळ स्पीकरच चालू होतो. पलीकडे हीट ट्रीटमेंटवाला होता, म्हणजे गिअर भट्टीत घालून कडक करून देणारा. त्याला काय माहीत कोण ऐकतंय. नमस्कार-चमत्कार न करता तो सुरू झाला, की कालच्या लॉटची हार्डनेस ५४ च भरतेय, ५८ पर्यंत काही जात नाही, परत टाकू की तसाच पाठवू?

थोड्या वेळाने क्वालिटीचे साहेब जिना उतरून आले. शर्टाच्या बाहीने कपाळ पुसत. "वर फोन कोणी दिला?"

"मी नाही दिला, साहेब," मॅडम म्हणाल्या. "ह्यांच्या कॉम्प्युटरने दिला."

लॉट अजून हीट ट्रीटमेंटवाल्याकडेच होता, म्हणून निभावलं. पण ऑडिटरांनी त्याच भट्टीतून आलेल्या आधीच्या लॉटचे कागद मागितले, स्टोअरमधल्या क्रेटवर लाल टॅग लागले, आणि दुपारी संपणारं ऑडिट संध्याकाळपर्यंत लांबलं. माझं मत विचाराल तर फोनने कारखान्याचं भलंच केलं. हे मी तिथे बोललो नाही.

जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी मला जे सांगितलं ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतं. ऑडिट असलं की त्या वर फक्त मालकांचा फोन देतात. हीट ट्रीटमेंटवाला असेल तर "साहेब राउंडला गेलेत, दहा मिनिटांनी करते" असं सांगतात, मग साहेब राउंडला असोत की नसोत. अमुक सप्लायर समोर बसलेला असताना तमुक सप्लायरचा फोन परचेसला द्यायचा नाही. बायकोचा फोन कधीही द्यायचा. माझ्या यादीत यातलं काहीच नव्हतं. तिला फक्त माणूस कुठे आहे ते कळत होतं.

ही कल्पना काही नवी नाही. १९९० च्या सुमारास केंब्रिजमध्ये ऑलिवेट्टीच्या संशोधन प्रयोगशाळेत रॉय वाँट आणि अँडी हॉपर यांनी 'अ‍ॅक्टिव्ह बॅज' केला होता. छातीवर लावलेला बिल्ला दर १५ सेकंदांनी इन्फ्रारेडचा एक इशारा सोडायचा, खोल्यांमधले सेन्सर तो टिपायचे. त्यात रिसेप्शनिस्टच्या स्क्रीनवर माणसाचं नाव आणि जवळचं एक्स्टेन्शन दिसायचं. कॉल ती द्यायची. ते वाचलं होतं तेव्हा मला ती अर्धवट राहिलेली सिस्टिम वाटली होती.

दुपारी आम्ही तसंच केलं. कॉन्फरन्स रूम आणि केबिनमधल्यांचे कॉल आधी मॅडमकडे, त्यांच्या स्क्रीनवर नावापुढे जागा. शेडमधल्यांचे थेट. गेटबाहेर गेलेल्यांचे मोबाईलवर, पण तेही मॅडमच्या एका बटणानंतर, कारण असा प्रत्येक कॉल पीआरआयच्या, म्हणजे टेलिफोन कंपनीकडून येणाऱ्या जोडणीच्या, ३० लाइनींपैकी दोन अडवतो, आणि मोबाईलवर नंबर कंपनीचाच दिसतो. घेणाऱ्याला कळत नाही पलीकडे कोण आहे. मॅडम नाव सांगून जोडून देतात.

सहाला निघताना मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं आता ऑडिटचं निघणार. त्यांनी वेगळंच काढलं. "कोण कुठे किती वेळ होता, याची यादी रोज मेलवर येईल का?"

यायला काहीच अडचण नव्हती, चार ओळींचं काम. मी म्हटलं, सिस्टिम फक्त शेवटची जागा ठेवते, आधीची पुसून टाकते. खरं तर ती पुसत नव्हती. पुसायचं मी त्यांच्यासमोरच बसून चालू केलं. आणि म्हटलं, यादीत पहिलं नाव तुमचंच असतं साहेब, मेल अकाउंट्सवाल्यांनाही दिसेल.

त्यांनी यादी पुन्हा मागितली नाही. त्यांचं नाव मात्र दुसऱ्या दिवशी त्यांच्याच सांगण्यावरून सिस्टिममधून काढलं. त्यांना अजूनही मॅडमच शोधतात: आधी केबिन, मग शेड दोन, मग ड्रायव्हरचा मोबाईल.