रेंज फुल्ल, पण नेट नाही

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की बाचीनंतर शिनोळी लागते, कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू होतो आणि टॉवरांचे सर्कल, म्हणजे दूरसंचार विभागही बदलतो. ‘रेंज फुल्ल दाखवते, पण नेट हलत नाही’ ही सीमेवरची नित्याची तक्रार असून अनेकदा तिचे कारण टॉवर कमी असणे हे नसते. दोन टॉवर सारख्याच जोराने पोहोचणे हे असते.

फोनवरच्या दांड्या सिग्नलची ताकद सांगतात. वेग मात्र हवा असलेला सिग्नल आणि त्यात मिसळलेला परका सिग्नल व गोंगाट यांच्या गुणोत्तरावर ठरतो. एलटीईमध्ये, म्हणजे फोरजीत, शेजारचे टॉवर सहसा एकच फ्रिक्वेन्सी वापरतात, त्यामुळे दोहोंच्या मधोमध राहणाऱ्याच्या वाट्याला हे गुणोत्तर जेमतेम १ येते. वेगाची कमाल मर्यादा सांगणाऱ्या शॅननच्या सूत्रानुसार त्याला प्रत्येक हर्ट्झमागे सेकंदाला फार तर १ बिट मिळतो, तर ज्याचे गुणोत्तर १०० आहे त्याला ६.७ बिट.

अनेक अँटेना असलेला टॉवर प्रत्येक अँटेनाच्या लहरीचा जोर आणि फेज (लहर किती पुढे-मागे आहे ते) बदलून बीम, म्हणजे लहरींचा झोत, हव्या त्या दिशेला वळवू शकतो. समजा, बाचीच्या आणि शिनोळीच्या ग्राहकाला आपापल्या टॉवरकडून १ एकक शक्ती मिळते, परक्या टॉवरकडूनही तितकीच मिळते आणि गोंगाट ०.०१ आहे. आता दोन्ही टॉवरांनी बीम किंचित बाजूला सारले, त्यात आपल्या ग्राहकाची शक्ती निम्मी झाली, पण शेजारच्याला होणारा उपद्रव शंभरपट घटला, तर गुणोत्तर ०.५ भागिले ०.०२, म्हणजे २५ होते. निम्मी शक्ती सोडून दोघांचाही वेग चौपटीहून अधिक वाढला! यालाच समन्वित बीमफॉर्मिंग म्हणतात. मोबाइल जाळ्यांची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेच्या रिलीज ११ मध्ये ते आले. यात ग्राहकाचा डेटा दोन्ही टॉवरांकडे पाठवावा लागत नाही. रेडिओमार्गाची माहिती वाटून घेतली की पुरते.

पण बीम कोणासाठी किती वळवायचा? सर्वांच्या वेगाची बेरीज वाढवायची म्हटले तर टॉवरजवळच्यांचीच चंगळ होते. शिवाय हे गणित सर्वसाधारणपणे एनपी-हार्ड, म्हणजे अचूक उत्तर झटपट काढण्याची पद्धत माहीत नसलेले, असल्याचे लुओ आणि झांग यांनी २००८ मध्ये दाखवले आहे. उलट ‘सर्वांत कमी गुणोत्तर शक्य तितके वर आणा’ हा प्रश्न, ग्राहकाच्या फोनला एकच अँटेना धरली तर, व्यवस्थित सुटतो: एक लक्ष्य ठरवायचे, ते सर्वांना देता येते का हे कोन (cone, म्हणजे शंकू) प्रोग्रॅमिंग या झटपट सुटणाऱ्या गणिती पद्धतीने तपासायचे, जमले तर लक्ष्य वाढवायचे, नाहीतर घटवायचे. न्यायाचा मार्ग हिशेबालाही सोपा पडावा, असा योग विरळाच.

तरीही हा न्याय आंधळेपणाने लावू नये, असे माझे मत आहे. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला आधी पाणी द्यावे हे रास्त आहे. पण जांबोटीच्या जंगलातल्या एखाद्या खोलगट जागी, जिथे सिग्नल पोहोचतच नाही, तिथल्या एका फोनपायी इतर सर्वांचे गुणोत्तर त्याच पातळीला खाली ओढले जाते. म्हणून हिशेबात कोणाला धरायचे हे आधी ठरवावे, उरलेल्यांसाठी वेगळा टॉवर किंवा वेगळी फ्रिक्वेन्सी द्यावी, आणि मगच किमान उंचावण्याचा नियम लावावा. ही निवड धोरणाची आहे, ती सूत्रावर ढकलता येत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. १८०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे १६.७ सेंटिमीटर लांब असते आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी एसटी तेवढे अंतर १० मिलिसेकंदांत कापते. दोन टॉवरांमध्ये माहिती जाईपर्यंत तेवढा वेळ गेला, तर प्रवाशासाठी आखलेला बीम शिळा होतो. घरात किंवा दुकानात स्थिर बसलेल्या ग्राहकांसाठी समन्वय करावा; धावत्या गाड्यांसाठी दोन टॉवरांनी फ्रिक्वेन्सीचे वेगवेगळे तुकडे वापरणे अधिक भरवशाचे.