ऑटोमॅटिक गाडीतला एम आणि आपले घाट

ऑटोमॅटिक घेतलेल्या बेळगावकरांना एक सांगतो, गावात एमला (मॅन्युअल, म्हणजे गियर आपण सांगायचा) हातसुद्धा लावू नका. खडेबाजार, आरपीडी क्रॉस, तिसरं रेल्वे गेट, इथं डी (ड्राइव्ह, गियर गाडीच बदलते) टाकायचा आणि गप बसायचं, त्याच्यासाठीच तर जादा पैसे मोजलेत की.

पण जांबोटी-कणकुंबी करून चोर्ला उतरायचा असेल तर वेगळं. आपलं बेळगाव उंचावर, साडेसातशे मीटरच्या आसपास, त्यामुळं गोव्याला जा नाहीतर सावंतवाडीला, चोर्ला, अनमोड, आंबोली असा कुठला तरी घाट उतरायलाच लागतोय. आणि डीमध्ये बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर मुख्य बघतो तो तुमचा पाय आणि स्पीड, ॲक्सिलरेटर सोडला की त्याला वाटतं निवांत चाललेत, पेट्रोल वाचवूया, की टाकला वरचा गियर. (काही नव्या गाड्या उतार ओळखतात, पण सगळ्या नाही.) वरच्या गियरात इंजिन गाडीला फारसं धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. घाटाखालचं केरी येईपर्यंत पाय ब्रेकवरच ठेवला तर पॅड तापून वास सुटतो, आणि लईच तापलं तर ब्रेक ऑइल उकळतं, पेडल नुसतं खाली जातंय आणि गाडी काय थांबत नाही.

आमच्या मामांनी जन्मभर लॉरी चालवली. मला लिव्हर एमला घेताना बघून म्हणाले, "ऑटोमॅटिक घेतलास आणि परत गियर टाकायलास व्हय रे?" मी म्हटलं मामा, ज्या गियरात चढवायची त्याच गियरात उतरवायची हे तुम्हीच शिकवलंय न्हवं. मग काय बोलले नाहीत.

घाट सुरू व्हायच्या आधीच एमला घ्यायचं, त्याला थांबायला लागत नाही, चालत्या गाडीत होतं. सरळ उताराला तिसरा, वळणाला दुसरा. इंजिन तीन-साडेतीन हजारावर ओरडलं तरी घाबरू नका, त्याला काय होत नाही. चुकून फारच खालचा गियर मागितला तर कॉम्प्युटर देतच नाही, आणि स्पीड पडला तर आपणहून खाली घेतो. पेट्रोलचं म्हणाल तर पाय सोडून गियरात उतरताना इंजेक्टर बंदच असतात, न्यूट्रलला टाकून उतरवणारे उलट आयडलिंगचं पेट्रोल जाळतात आणि वर जीवाशी खेळतात ते वेगळंच. पावसाळ्यात मात्र गियर एकेक करूनच खाली घ्या, ओल्या रस्त्यावर एकदम दोन गियर पाडले तर चाकं घसरतात. आणि हो, इंजिनवर गाडी हळू होते तेव्हा मागचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत लागत नाही, धुक्यात मागं कोण असेल तर ब्रेकला नुसता पाय टेकवायचा.

एएमटीवाल्यांना एम अजून एका ठिकाणी उपयोगी. कारखाने सुरू झाले की निपाणी-चिकोडी रोडला उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या. एएमटी म्हणजे आपला साधाच गियरबॉक्स, फक्त क्लच आणि गियर मशीन टाकतं, त्यामुळं ओव्हरटेकला डीमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबला की आधी विचार करते आणि मग पळते, तेवढ्यात समोरून एसटी. त्यापेक्षा रस्ता मोकळा दिसायच्या आधीच एक गियर खाली घेऊन ठेवायचा. वरचा गियर टाकताना पाय किंचित सोडला तर मान पण डुलत नाही.

एममध्ये वरच्या गियरचा प्लस पुढं की मागं हे मात्र आपल्या गाडीत बघून घ्या, कंपनीगणिक उलटं असतंय.