प्रशिक्षणाची ओळ

सरकारी शाळांमधल्या संगणक शिक्षणासाठी कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी मिळवणं हे माझं काम. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली येणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. आम्ही वर्षभर पत्रं पाठवतो, पण फोन यायला लागतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, पैसे शिल्लक आहेत हे लक्षात आल्यावर. मग सगळ्यांना हवी असते 31 मार्चच्या आत बिल होईल अशी वस्तू. संगणकाचं बिल होतं, फोटो निघतो, खोलीबाहेर पाटी लागते. शिक्षक तयार व्हायला दोन वर्षं लागतात, त्याचं बिल मार्चअखेर कसं करणार?

मी सांगतेय ती बैठक अशाच एका मार्चमधली. प्रस्तावात संगणकांइतकीच रक्कम प्रशिक्षणाला धरली होती. आधी सुट्टीत शिबिर, मग दोन वर्षं दर महिन्याला आमचा प्रशिक्षक शिक्षकाच्या वर्गात बसणार, तास पाहणार, पुढचा तास दोघं मिळून आखणार. कंपनीच्या वित्त अधिकाऱ्यांनी नेमकी हीच ओळ लाल केली होती. "मानधन आणि प्रवास म्हणजे प्रशासकीय खर्च. त्याला पाच टक्क्यांची मर्यादा आहे."

हे वाक्य मी दर दुसऱ्या कंपनीत ऐकते आणि दर वेळी मला राग येतो, कारण ते म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी नियम उघडलेला असतो. मी छापील प्रत नेली होती. सीएसआर नियमांच्या 2021 च्या दुरुस्तीत प्रशासकीय खर्चाची व्याख्या स्वच्छ आहे: पाच टक्क्यांत येतो तो कंपनीने स्वतःचं सीएसआरचं कामकाज चालवण्यासाठी केलेला सर्वसाधारण खर्च. एखाद्या ठरावीक प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यातून वगळलेला आहे. प्रशिक्षकाचं मानधन ही अंमलबजावणीच झाली! साहेबांनी ते कलम दोनदा वाचलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आम्ही चुकीचा अर्थ लावत होतो." एवढा मोकळेपणा या खुर्च्यांवर क्वचित दिसतो.

मार्चअखेरचा प्रश्नही सुटण्यासारखा होता. संचालक मंडळाने प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केला की सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो. न खर्चलेले पैसे वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायचे. घाईघाईने यंत्रं घेण्याची सक्ती कायद्याने कुणावरही केलेली नाही.

त्यानंतर मी सोबत आणलेल्या सरांना बोलू दिलं. सर मूळचे गणिताचे, संगणकाचा विषय त्यांच्या गळ्यात पडलेला. आमच्या प्रशिक्षणातून आधी गेलेल्या शिक्षकांपैकी सर्वांत चांगले. त्यांनी एका जुन्या फ्लेक्सच्या पाठीमागे मार्करने 'सॉर्टिंग नेटवर्क', म्हणजे आकड्यांचा क्रम लावण्याचं रेषा-वर्तुळांचं जाळं काढून आणलं होतं. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवलेल्या, संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याच्या पद्धतीतला हा खेळ. सहा अधिकाऱ्यांच्या हातात सहा आकडे दिले. रेषेवरून चालायचं, वर्तुळात दोघं भेटले की आकडे ताडून बघायचे, लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे. शेवटच्या रेषेवर सगळे चढत्या क्रमाने उभे! सरांनी विचारलं, "एका वेळी किती तुलना चालल्या होत्या?" आणि समांतर प्रक्रिया म्हणजे काय, हे त्या खोलीला पाच मिनिटांत कळलं.

तेव्हा वित्त अधिकाऱ्यांनीच विचारलं, "संगणकाशिवाय इतकं छान शिकवता येतं, तर आमचे संगणक कशाला?"

सर म्हणाले, "संगणक हवेतच. पोरांनी ही रीत स्वतः लिहायची, चुकवायची, दुरुस्त करायची ती त्याच्यावरच. पण लॅब माझ्या शाळेत आधीही होती. तेव्हा मी टायपिंग आणि पेंटमध्ये घर काढायला शिकवायचो. मला तेवढंच येत होतं."

यापेक्षा चांगलं उत्तर मी माझ्या कोणत्याही प्रस्तावात लिहिलेलं नाही. माझ्याकडे दाखले होते. पेरू देशाने मुलांना लाखो लॅपटॉप वाटले आणि 2012 च्या अभ्यासात गणित-भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. इंग्लंडने 2014 पासून अभ्यासक्रमात संगणकशास्त्र आणलं आणि शिक्षक तयार करण्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र उभं केलं ते थेट 2018 मध्ये. आपल्याकडे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकच्या आधीच कोडिंग आलं, शिकवणार कोण हा प्रश्न मागे राहिला. सरांच्या चार वाक्यांपुढे या सगळ्याची गरजच उरली नव्हती. मी निश्चिंत मनाने निघाले.

निर्णयाचा मेल आला. संगणक पूर्ण मंजूर, शाळा आम्ही मागितल्याच्या दुप्पट. प्रशिक्षणाचं फक्त शिबिर ठेवलं होतं, वर्गातली दोन वर्षं कापली होती. कारण दिलं होतं: शिक्षक मर्यादित साधनांतही प्रभावीपणे शिकवू शकतात हे प्रात्यक्षिकातून दिसलं, त्यामुळे दीर्घ पाठबळाची गरज वाटत नाही.

सर आज जसे शिकवतात, तसं शिकवता यावं म्हणून आमचा प्रशिक्षक महिनोन्‌महिने त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसला होता. तो खर्च त्या पाच मिनिटांत कुणालाच दिसला नाही. काम जितकं चांगलं झालेलं, तितकं ते आपोआप झाल्यासारखं वाटतं. यावर प्रस्तावात काय लिहायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

निधी आम्ही घेतला. शाळांची संख्या मूळ आकड्यावर आणा आणि वाचलेली रक्कम वर्गातल्या पाठबळासाठी द्या, असं लेखी कळवलं. त्यावर चर्चा चालू आहे. सरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी मला नेऊ नका. ज्याला अजून जमत नाही, त्या शिक्षकाला न्या."

त्यांचं म्हणणं मला पटतं. पण पैसेवाल्यांच्या खोलीत उभं राहून 'मला येत नाही' असं सांगायला मी कोणत्या शिक्षकाला बोलावू?