पन्नास ग्राम कुरुंद

"पन्नास ग्राम? सोनं तोलून देऊ का बाप्पा?"

नागपुरात इतवारीच्या लोहाओळीत दुकानदार असं म्हणाला आणि मागे बसलेलं पोट्टं फिसकन हसलं. मला हवी होती ती कार्बोरंडमची, म्हणजे घासकामाच्या कडक दाण्यांची, भुकटी त्याच्याकडे होती, पण २५ किलोच्या पोत्यात. पोतं फोडणार नाही म्हणे, उरलेलं कोण घेईल. त्याचंही बरोबरच होतं.

कारण साधं आहे. न्हाणीत भिंतीला धरायला स्टीलचा दांडा लावला होता, दीड फुटाचा. दिसायला झकास, पण साबणाच्या हातानं धरला की मासोळीसारखा निसटतो. मे महिन्यात बाबांचा हात सुटला. हाड वाचलं, कोपर सुजलं. म्हटलं, दांड्याला खरखरीत करू. त्यासाठी खडबडीत भुकटी हवी आणि तीही मूठभरच.

हिंगणा एमआयडीसीत एका ओळखीच्याला फोन केला, तिथेही पोतंच. मग कुणीतरी सुचवलं की इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट घे, तिच्यात तीच भुकटी असते. छोटी डबी मिळाली. रॉकेलमध्ये धुतली, साबणानं धुतली, उन्हात वाळवली. तरी ग्रीसचा अंश राहिलाच असणार, कारण नमुन्याच्या पत्र्यावर अराल्डाइटनं चिकटवलेली भुकटी नखानं सोलून आली. तो रविवार वाया गेला.

यात शब्दाची एक गंमत आहे. आमची आजी विळा-सुरी कुरुंदाच्या दगडावर घासायची. कोरंडम हा इंग्रजी शब्द आपल्याकडच्याच भाषांतून तिकडे गेलेला. १८९१ मध्ये अमेरिकेत अ‍ॅचेसन नावाच्या संशोधकाला भट्टीत काळे चमकदार स्फटिक मिळाले. त्याला वाटलं, हे कार्बन आणि कुरुंदाचं काहीतरी आहे, म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. निघालं सिलिकॉन कार्बाइड, त्यात कुरुंद औषधालाही नाही! आणि खऱ्या कुरुंदाचे साठे शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, पोहऱ्याकडे आहेत. मी मात्र ५० ग्रामसाठी नागपूरभर गाडी फिरवत होतो.

माल मिळाला तो मानेवाडा रोडवर, काचेवर फुलं-मोर उठवणाऱ्या माणसाकडे. दाराच्या काचेवरची ती धुरकट नक्षी हवेच्या दाबानं भुकटी मारूनच होते. त्याच्याकडे ड्रम भरलेला होता, तपकिरी अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइडचा. म्हणजे कारखान्यात बनलेलं कुरुंदच. "हव, घेऊन जा न. पैसे कायचे?" म्हणाला. एकदा मारून खाली पडलेली मात्र घेऊ नका. तिच्यात काचेचा चुरा असतो. ६० आणि १२० नंबरच्या दोन पुड्या त्यानं वर्तमानपत्रात बांधून दिल्या. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक, हे मला तोवर उलटंच वाटायचं.

पकड मजबूत हवी म्हणून आधी ६० लावली. दुसऱ्या दिवशी बाबा न्हाणीतूनच ओरडले, "काऊन रे, किसणी लावली का इथं?" तळहात लाल झाला होता. पंच्याहत्तरीतली कातडी पापडासारखी असते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझा हात धरून बघितला होता ना! हॉट एअर गननं अराल्डाइट मऊ करून सगळं खरवडून काढलं.

दुसऱ्यांदा १२० घेतली. आधी दांडा ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासला, थिनरनं पुसला, टोकांना टेप लावला. अराल्डाइटचा पातळ हात दिला आणि चहाच्या जुन्या गाळणीतून भुकटी भुरभुरवली, अजून चिकटेना तोवर. मिसळून लावू नका, दाणे बुडून जातात. दांडा काढून आडवा ठेवून, फिरवत फिरवत केलं, कारण आपल्या उन्हाळ्यात अराल्डाइट तुपासारखं पातळ होऊन ओघळतं आणि घट्टही लवकर होतं. काम पहाटे करा, तोंडाला मास्क बांधा. एक दिवसानं सैल भुकटी ब्रशनं झटकली आणि वरून पुन्हा अगदी पातळ हात दिला. त्यानं दाण्यांची टोकं बोथट झाली. खाली कागदावर पडलेली भुकटी तोलली तर लक्षात आलं, दांड्याला जेमतेम ७ ग्राम लागली होती. मी ५० मागत होतो तेही जास्तच.

बाबा आता धरतात, बोलत काही नाहीत. त्यांच्यात ही पसंतीच समजायची.

उरलेली भुकटी मी कॉफीच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवली. रंग हुबेहूब कॉफीचाच. परवा पाहुणे येणार होते, तेव्हा बायकोनं ती बाटली स्वयंपाकघरातून उचलून माझ्या हत्यारांच्या पेटीत टाकली. ती तिथं ठेवली कुणी, यावर अजून वाद चालू आहे.