पन्हळीतला फोम, ऊन आणि काडेपेटी
लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून अंगणातला हौद म्हणजे आईचा जीव की प्राण, पत्र्यावरचं सगळं पाणी पन्हळीतून त्यातच उतरतं. त्रास एकच, दारातला लिंब. सगळा पाला पन्हळीत!

म्हणून ऑनलाइन फोमचं गार्ड मागवलं. काळा स्पंजचा तिरपा ठोकळा, पन्हळीत कोंबायचा, पाणी झिरपतं, पाला वर राहतो. आयडिया भारी, पण आपल्याकडचं ऊन? मार्चमध्ये एक तुकडा पत्र्यावर तारेनं बांधला आणि दुसरा कपाटात ठेवला. जूनमध्ये बघितलं तर कपाटातला दाबला की परत फुगतोय, पत्र्यावरचा मात्र नखानं खरवडला की पिठासारखा भुगा. हा फोम पॉलीयुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा, त्याला उन्हातलं अल्ट्राव्हायोलेट सोसत नाही ना. आणि हा भुगा जाणार कुठं, हौदातच की.

मग जाळून बघितलं, कारण दिवाळीत गल्लीतल्या पोरांचे रॉकेट हमखास आमच्याच पत्र्यावर पडतात. विटेवर तुकडा, शेजारी पाण्याची बादली, काडी लावली आन् भसकन पेटला, वितळून थेंब गळायला लागले, वर काळा धूर. या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू असतात, म्हणून मी वारा येतो त्या बाजूला. आई आतून, "घर पेटवतूस का रं!"

आग रोखणारं केमिकल मिसळलेला फोमही मिळतो, काडी काढली की विझतो म्हणे, पण वर साचलेला वाळका पाला थोडीच विझणार?

सध्या स्टीलची जाळी बसवलीय. पाला अजूनही मीच झाडतो, शिडी लावून.