तुम्ही विचारलंत म्हणून: पैसा कुठून येतो?

“पैसा कुठून येते जी तुमाले?”

बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर विचारतात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाहुणा विचारतो. गेल्या महिन्यात एक तरुण भाऊ मोटारसायकलवर सत्तर किलोमीटर आला. बायबल स्कूल नुकतंच संपलेलं, आपल्या गावाकडे सेवा सुरू करायचं मनात. त्यानंही तेच विचारलं, फक्त जरा वेगळ्या शब्दांत. “दादा, देव पुरवतो हे मला पाठ आहे. पण पुरवतो म्हणजे नेमकं कसं?” त्याला अंधार पडायच्या आत परत निघायचं होतं, त्यामुळे माझं सांगणं अर्धवट राहिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आता सगळं लिहितो.

आधी काम किती ते सांगतो, म्हणजे मोठं काही डोळ्यांसमोर येणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव. रविवारी उपासनेला पस्तीस-चाळीस माणसं. आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग, त्यात गावातली सगळ्या जातीधर्माची मुलं बसतात. आणि ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घरी जाऊन बसणं. 2006 मध्ये सुरुवात केली. त्याच वर्षी पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, शेतकरी आत्महत्यांमुळे सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. मी तेव्हा यवतमाळला एका दुकानात हिशेब लिहायचो. पॅकेजचे आकडे रोज पेपरात वाचायचो, आणि रविवारी गावी गेलो की त्या पावसाळ्यात ओसाड झालेली दोन घरं रस्त्यातच लागायची. नोकरी सोडली ती त्या दोन घरांमुळे.

माझे वडील यवतमाळच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या ख्रिस्ती विद्यालयात, मेसमध्ये स्वयंपाकी होते. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 मध्ये यवतमाळात सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्याला गेली. मी नऊ वर्षांचा होतो. वडील पुण्याला गेले नाहीत, आजी अंथरुणाला खिळली होती. सामान भरलेले ट्रक निघाले तेव्हा ते फाटकाजवळ उभे होते, एवढं मला स्पष्ट आठवतं. घरी येऊन त्यांनी आईला म्हटलं, “ट्रक गेले, देव नाही गेला.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लग्नकार्यात आचाऱ्याचं काम धरलं. लहानपणी ते वाक्य मला फार थोर वाटायचं. आता त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीपाशी बसलेले वडील जास्त आठवतात.

सेवा सुरू केली तेव्हा माझ्या डोक्यात जॉर्ज म्युलर होते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला 1836 मध्ये त्यांनी अनाथांसाठी घर उघडलं आणि हयातीत दहा हजारांवर मुलं सांभाळली. गरज फक्त देवाला सांगायची, माणसाजवळ हात पसरायचा नाही, हा त्यांचा नेम. मी तो जसाच्या तसा उचलला. दानाबद्दल उपासनेला जमणाऱ्या मंडळीत चकार शब्द काढायचा नाही, दशमांशावर, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला देण्यावर, प्रवचन करायचं नाही. कुणी “काही कमी आहे का” विचारलं तर म्हणायचं, “प्रभूची कृपा आहे.”

तीन वर्षं कसंबसं निभलं. माझी तीन एकर जमीन, बायकोची शिलाई मशीन. शाळेचे गणवेश आणि ब्लाउज शिवून तिनं घर चालवलं, हे लिहिलं नाही तर ही सगळी साक्षच खोटी ठरेल. बायबलमधल्या प्रेषित पौलानं करिंथ शहरात अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर पोटासाठी तंबू शिवले, हे मी कितीदा तरी उपदेशात सांगितलं होतं. तंबू शिवणारी घरातच बसली आहे हे मात्र फार उशिरा दिसलं.

2009 च्या पावसाळ्यात ज्या घराच्या ओसरीत आम्ही बसायचो तिचं छप्पर बसलं. मुलं भिजायला लागली. टिनाचं शेड उभारायला चाळीस हजार लागणार होते. मी प्रार्थना केली, पंधरा दिवस वाट पाहिली, आणि सोळाव्या दिवशी तालुक्याला जाऊन एका खाजगी सावकाराकडून शेकडा पाचनं पैसे आणले. महिन्याला दोन हजार नुसतं व्याज. शेड उभं राहिलं. मंडळी म्हणाली, प्रभूनं दिलं. मी मान डोलावली.

सात महिने मी ते लपवलं. तुरीचे पैसे व्याजात गेले, बायकोला म्हटलं भाव पडला. मग एक दिवस शर्ट धुताना तिला खिशात सावकाराची चिठ्ठी सापडली. ती ओरडली नाही, रडलीही नाही. चिठ्ठी वाळवून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “देवावर भरोसा हाय म्हन्ता, मंग त्याच्या मानसांपासून काऊन लपवलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्युलरांचं चरित्र मी अर्धंच घेतलं होतं. ते माणसांपुढे हात पसरत नव्हते हे खरं, पण ते कर्जही काढत नव्हते. आलेल्या पै-पैचा हिशेब दरवर्षी छापून सगळ्यांसमोर ठेवत होते. माझं न बोलणं म्हणजे विश्वास नव्हताच. गावात आपली मान खाली जाऊ नये, एवढीच धडपड होती. आणि शास्त्रात तरी सगळे गप्प कुठे बसले? यरुशलेमातल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल करिंथकरांकडे उघडउघड मदत मागतो, दोन अध्याय मागतो. दुष्काळात सारफथ गावच्या विधवेकडे एलीया संदेष्टा आधी पाणी मागतो, मग भाकरी मागतो. तिच्याजवळ मूठभर पीठ आणि थोडं तेल उरलंय हे ऐकूनही मागतो. पुढे दुष्काळभर पीठ सरलं नाही, पण ते एलीयाच्या घरी नाही, तिच्या मडक्यात सरलं नाही. हा भाग मी आधी नीट वाचलाच नव्हता.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी उभा राहून सगळं सांगितलं. सावकार, व्याज, सात महिने. दोघे जण उठून गेले, त्यातला एक परत कधीच आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित गेलो असतो. बाकीचे बसून राहिले. मग कापूस वेचायला जाणारी एक म्हातारी उठली, कनवटीतून आदल्या दिवसाची मजुरी काढली आणि टेबलावर ठेवली. मी म्हटलं, माय, हे नको. ती म्हणाली, “तुमाले कोन देते जी? मी त्याले देतो.” एका भावानं दीड क्विंटल कापूस दिला. कापणीच्या सणाला लोकांनी आणलेले कोहळे, अंडी, तुरीच्या शेंगा यांचा दरवर्षी लिलाव होतो. त्या वर्षी एकच कोंबडा तीनदा विकला गेला, घेणारा परत अर्पण करायचा.

कर्ज फिटायला पंधरा महिने लागले. कुणी अनोळखी पाकीट ठेवून गेलं नाही. देव एका दिवसात फेडू शकला असता, यावर माझा आजही विश्वास आहे. पण पंधरा महिने दर रविवारी उरलेली रक्कम फळ्यावर लिहिली जायची, आणि तिच्याकडे बघत बघत आमची मंडळी खऱ्या अर्थानं मंडळी झाली.

तेव्हापासून एक वही आहे. दुकानातली जुनी सवय कामी आली. तारीख, काय आलं, काय गेलं. नावं मागच्या पानावर, कारण काहींना नाव नको असतं. कुणाची पायलीभर ज्वारी, कुणाची खडूची दोन खोकी, कुणाची एका दिवसाची नांगरट. पंधरा-सोळा वर्षांत अशा सहा वह्या भरल्या. दोन महिन्यांचा खर्च एकदम शिलकीत आहे, असं पान त्यांत एकही नाही. पूर्वी हे मला खटकायचं. बायबलमधल्या निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना आठवा, रानात इस्राएल लोकांना देवानं दिलेलं अन्न: ज्याला जेवढा लागतो तेवढाच रोज वेचायचा, सकाळपर्यंत ठेवला की त्यात किडे पडायचे. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढा दुप्पट. चाळीस वर्षं एका सबंध राष्ट्राची शिलकीची बाजू रिकामी होती.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी तरुणांना मुद्दाम देतो. मुंबईत 1889 मध्ये विधवांसाठी त्यांचं शारदा सदन सुरू झालं त्यामागे अमेरिकेतल्या मंडळाचं दहा वर्षांच्या मदतीचं वचन होतं. ती मुदत 1898 मध्ये संपली. त्याच्या थोडंच आधी, 1896-97 च्या दुष्काळात, त्या मध्य प्रांतात येऊन उपाशी मुली आणि विधवा बरोबर घेऊन गेल्या होत्या. म्हणजे खाणारी तोंडं वाढली आणि ठरलेला आधार संपला, हे मागोमाग. त्यांनी पुण्याजवळ केडगावला विहिरी खोदल्या, शेती केली, माग, तेलघाणा, छापखाना चालवला. त्यांची प्रार्थना आणि त्यांची विहीर वेगवेगळी काढून दाखवता येत नाही.

परदेशी पैशांबद्दल लोक हळू आवाजात विचारतात, म्हणून मोठ्यानं सांगतो. आमचा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे, दरवर्षी लेखापरीक्षण होतं. परदेशी देणगी घ्यायला 2010 च्या कायद्यानुसार वेगळी नोंदणी किंवा परवानगी लागते, ती आमच्याकडे नाही. एकदा एक परदेशी पाहुणे शेडमध्ये बसून गहिवरले आणि पैसे देऊ लागले. चांगला माणूस होता, रक्कमही मोठी होती. मी हात जोडून नाही म्हटलं. त्या रात्री झोप आली नाही, हेही खरं. पण कायदा मोडून घेतलेला पैसा देवाच्या विश्वासूपणाच्या नावावर मांडायचा तरी कसा? आणि अभ्यासवर्गातल्या मुलांच्या आईबापांना मी पहिल्या दिवशीच सांगतो: इथं गणित आणि मराठी शिकवतो, उपासना रविवारी असते, ज्याला यायचं तो येईल. धान्य देऊन कुणाला प्रभूकडे आणता येत नाही. तो काही रेशनचा दुकानदार नाही.

आता जे सांगायला जड जातं ते.

2017 च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसएक माणसं गेली. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, फवारा तोंडावरच यायचा. अभ्यासवर्गातल्या एका मुलीचा बाप त्यात होता. मी दवाखान्यात चार दिवस त्याच्या खाटेजवळ होतो. मंडळीनं उपास केला, मी इतक्या कळकळीनं प्रार्थना क्वचितच केली असेल. तो गेला. बाहेर व्हरांड्यात त्याच्या बायकोनं मला विचारलं, “तुमचा देव इस्वासू हाय नं जी?” टोमणा नव्हता. तिला खरंच हवं होतं उत्तर.

मी काहीच बोललो नाही. तिला पाणी दिलं, मग मृतदेह गावी आणायच्या गाडीचं पाहिलं. त्या आठवड्याच्या पानावर मी रक्कम लिहिली नाही, फक्त त्याचं नाव लिहिलं. ती बाई आजही उपासनेला येत नाही, आणि मी तिला बोलावत नाही. मुलगी मात्र वर्गाला येत राहिली. आता ती बारावीला आहे आणि लहान मुलांना पाढे शिकवते.

नागपूरला 1845 मध्ये आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटकडून परतताना पुराच्या नाल्यात बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 मध्ये उभं राहिलं. त्यांना ते दिसलं नाही. देव विश्वासू आहे म्हणजे माझं काम माझ्या डोळ्यांदेखत फळेल, असं मी त्या तरुण भावाला सांगू शकलो नाही. आमचाही शेजारच्या गावातला वर्ग तीन वर्षांनी बंद पडला. शिकवणाऱ्या मुलीचं लग्न झालं आणि दुसरीला मानधन द्यायला पैसे नव्हते. बावीस मुलं होती.

आणि 2020 ची टाळेबंदी. उपासना बंद, अर्पण बंद, वहीत ओळीच्या ओळी कोऱ्या. मे महिन्यात एक शेतकरी बैलगाडीत ज्वारीची दोन पोती घेऊन दारात आला. तो ख्रिस्ती नाही, त्याच्या घरी गजानन महाराजांची पोथी वाचली जाते. म्हणाला, “पोट्टे तुमच्या इथं शिकते, अन् मास्तर उपाशी राहीन का?” वहीत मी त्याचं नाव लिहिलं, आणि पुढे बायबलमधल्या विलापगीताचा अध्याय-ओवी आकडा: 3:22-23. करुणा रोज सकाळी नवी होते, तिथंच लिहिलंय. ती कुणाच्या बैलगाडीतून येईल ते लिहिलेलं नाही.

त्या तरुण भावाला निघताना मी पहिली वही वाचायला दिली, जिच्यात सावकाराचं पान आहे. बायकोनं त्याला वाटेसाठी भाकर आणि ठेचा बांधून दिला आणि एवढंच म्हणाली, “घरी सारं सांगत जा जी.”

आज शनिवार. वहीत नऊशे चाळीस रुपये शिल्लक आहेत. शेडचं वीजबिल अकराशे सत्तर आलंय, भरायची तारीख मंगळवार. फळ्यावर लिहून ठेवलंय, उद्या सगळे बघतील.