मिसिंगचा पाठलाग, नोंद तिसरी: पत्रादेवी ते करासवाडा

माझ्या मोटारसायकलच्या मिसिंगचा, म्हणजे इंजिनचे ठोके मधेच चुकण्याचा, दोष सापडला. शेवटच्या दुरुस्तीला नवा भाग एकही लागला नाही, खर्च शून्य. त्याआधी दीड महिन्यात जो खर्च झाला तो शून्य नाही, पण त्याबद्दल घरी बोलणं झालेलं आहे, इथे नको.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाडी २००९ ची, दीडशे सीसी, एक सिलिंडर, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) आणि सीडीआय (प्लगच्या ठिणगीसाठी करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा). कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. नाव आलं की निम्मी मंडळी मिसिंग सोडून 'मुळात ती गाडी घेतलीच कशाला' यावर घसरतात. इथे उत्तर गोव्यात, पेडण्याच्या बाजारात, गावच्या रस्त्यावर, ट्रॅफिकमध्ये गाडी एकदम गुणी. हायवेला ७५ च्या वर थोडा वेळ धरली की आधी ओढ जाते, मग भुकभुक, मग सायलेन्सरमधून एकदोन फटाके. वेग पन्नासवर आणला की मिनिटभरात पुन्हा शहाणी.

आतापर्यंत बदललेलं: प्लग, प्लग कॅप, पेट्रोलची नळी, तिच्यातला छोटा फिल्टर. प्लगपर्यंत करंट नेणाऱ्या जाड एचटी वायरचं टोक अर्धा सेंटीमीटर कापून नवं केलं. कार्बोरेटर दोनदा उघडला, दोन्ही वेळा आतून स्वच्छ. दुसऱ्या वेळी उघडला तो केवळ पहिल्या वेळी काही सापडलं नाही याचा राग म्हणून.

६१,४१२ किमी

पावसाने मला पुरतं फसवलं. भर पावसात मिसिंग लवकर येतं, उन्हात उशिरा किंवा येतच नाही. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुठल्याही गाडीला काहीही झालं की निदान एकच: पाणी गेलं. मीही तेच धरून बसलो. रात्री पडवीतला दिवा मालवून, गाडी चालू ठेवून, इस्त्रीच्या पाण्याची फवारणीची बाटली घेऊन प्लग कॅप आणि वायरवर पाणी मारत राहिलो. करंट बाहेर फुटत असेल तर अंधारात निळी रेघ दिसते. अर्धी बाटली संपली, काही दिसलं नाही. प्लग कॅपचा रेझिस्टन्स मीटरवर ४.९ किलो-ओहम, म्हणजे पाचच्या कॅपला ठणठणीत.

मेस्तकडे (आमचा मेकॅनिक) नेली. त्याने गल्लीत एक फेरी मारली (गल्लीत ४० च्या वर जाता येत नाही, हे त्यालाही माहीत आहे) आणि म्हणाला, सीडीआय गेला. माझा अनुभव असा की बाकी काही सुचलं नाही की सीडीआय जातो. उघडून बघता येत नाही, महाग असतो आणि बदलूनही फरक पडला नाही तर परत घेत नाहीत. मी विचार करून सांगतो म्हटलं आणि गाडी घेऊन घरी आलो.

६१,४५०

इथून पुढे पार्ट बदलणं बंद आणि घड्याळ चालू.

प्रत्येक दोषाची स्वतःची वेळ असते, असा माझा तर्क. ठिणगी कमजोर असेल तर वेळ लागत नाही. सिलिंडरमध्ये दाब वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे टॉप गिअरमध्ये ४५ वर चढावाला एकदम थ्रॉटल पिळलं की तिथल्या तिथे फटका बसायला हवा. मालपेच्या चढावर तीनदा करून पाहिलं. इंजिन कण्हलं, पण एकही ठोका चुकला नाही. पिकअप कॉइल (ठिणगी कधी टाकायची याचा इशारा देणारी) तापून दगा देत असेल तर वीस मिनिटं, अर्धा तास लागतो, आणि मग गाडी सावलीत थंड झाल्याशिवाय सुधारत नाही. माझी तर वेग कमी केल्यावर चालता चालताच सुधारते. शिवाय माझ्या गाडीचा आरपीएम मीटर इग्निशनवर चालतो. करंट तुटला तर काटा एकदम खाली आपटायला हवा. मिसिंगच्या वेळी काटा वेगाबरोबर हळूहळू उतरतो. म्हणजे ठिणगी आहे, जळायला काही नाही.

एका फेरीत मिसिंग सुरू होताच चोक अर्धा ओढला. गाडीने पाचसहा सेकंद जोर धरला आणि पुन्हा भुकभुक. इथे माझ्यापुरता इलेक्ट्रिकचा विषय संपला. पेट्रोल कमी पडतंय.

मग थोडं गणित. ७८ च्या वेगाला ही गाडी लिटरला साधारण ४० देते. म्हणजे तासाला दोन लिटरच्या आत, मिनिटाला सुमारे ३२ मिली. गावात सरासरी ३० चा वेग आणि ५० चं मायलेज धरलं तर मिनिटाला १० मिली. तेव्हा कुठेतरी असा अडथळा आहे की ज्यातून मिनिटाला १० मिली आरामात जातं आणि ३२ जात नाही. फरक भरून निघतो कार्बोरेटरच्या तळच्या फ्लोटच्या वाटीत असलेल्या पेट्रोलच्या साठ्यातून, तो संपेपर्यंत. म्हणून 'थोडा वेळ' लागतो.

त्याच संध्याकाळी नळी काढून बाटलीत पेट्रोल सोडलं. १०० मिली २५ सेकंदांत. म्हणजे मिनिटाला २४०, गरजेच्या सातपट! डोकं धरून बसलो. (या चाचणीत मी काय गाढवपणा केला होता ते पुढे येईल. काहींच्या आत्ताच लक्षात आलं असेल.)

६१,६१०

चार रविवार एकच फेरी. गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीहून वळायचं, ७८ धरायचं, मिसिंग येईपर्यंत किंवा म्हापशाजवळच्या करासवाड्यापर्यंत. पहाटे सहाला निघायचं म्हणजे रस्ता मोकळा मिळतो. मध्ये ट्रक, गाय किंवा फाट्यावरून आडवी आलेली स्कूटर यामुळे वेग मोडला तर ती फेरी बाद. बाद झालेल्याच जास्त. भाचा मागे बसून मोबाईलवर वेळ लावायचा, पहिल्या रविवारनंतर तो यायचा बंद झाला.

टाकी फुल, कोरडा रस्ता: सहा मिनिटं, मालपेच्या आसपास. टाकी अर्धी: अकरा मिनिटं, कोलवाळचा पूल समोर दिसायला लागला तेव्हा. जवळपास रिझर्व्हला आलेली: करासवाड्यापर्यंत काहीच नाही. फुल टाकी आणि मुसळधार पाऊस: साडेतीन मिनिटं. शेवटची फेरी दुपारची. टाकी फुल, गाडी तासभर उन्हात उभी, टाकीला हात लावला तर पोळत होता: काहीच नाही.

हे आकडे घेऊन मी तीन दिवस फिरत होतो. पेट्रोल जास्त तेव्हा त्रास जास्त? तळाशी गंज किंवा पाणी असतं तर उलट, टाकी संपत आल्यावर त्रास व्हायला हवा होता. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं, तेही डोक्यात येऊन गेलं. बाटलीत तळ काढून रात्रभर ठेवला, थर वेगळा झाला नाही.

६१,६७०

उत्तर म्हापशाला मिळालं, मोटारसायकल पायलटांच्या थांब्यावर. गोव्याबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे दुचाकी टॅक्सी असते, पिवळ्या मडगार्डची, आणि चालवणारा तो पायलट. दिवसभर दुसऱ्याला मागे बसवून गाडी हाकणारा माणूस गाडीचा आवाज आपल्यासारखा हौसेने नाही, पोटासाठी ऐकतो. केस पांढरे झालेला एक पायलट चहा घेत होता. मी सगळं सांगितलं, आकड्यांसकट. त्याने आकडे ऐकलेच नाहीत. एवढंच म्हणाला, "टाकयेचें धांपण सैल करून पळयलें रे?" (टाकीचं झाकण सैल करून पाहिलंस का रे?)

नव्हतं. उलट, त्या पहिल्या बाटलीच्या चाचणीत बाटली किती भरते ते बघता बघता टाकीतलं पेट्रोलही दिसावं म्हणून मी झाकण उघडं ठेवलं होतं. ज्या गोष्टीची परीक्षा घ्यायची तीच वर्गाबाहेर.

घरी येऊन पुन्हा तेच, या वेळी टाकी फुल आणि झाकण किल्लीने बंद. पहिले ६० मिली धार धरून आले. मग धार काडीएवढी झाली, मग सुतासारखी, मग थेंब. पुढच्या पूर्ण मिनिटात जमलं १८ मिली. दहापेक्षा जास्त, बत्तीसपेक्षा कमी. मग हळूच किल्ली फिरवली. झाकणाखालून 'फुस्स्' असा आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा आवाज आला आणि नळीतून भसकन धार सुटली, निम्मं पेट्रोल पायावर.

टाकीतून पेट्रोल गेलं तेवढी हवा आत यायला हवी, त्यासाठी झाकणात बारीक वाट असते. ती बुजली की आत पोकळी धरते आणि पेट्रोलला खाली उतरू देत नाही. पेट्रोल उतरतं ते फक्त स्वतःच्या वजनाने, वीतभर उंचीच्या जोरावर. टाकी फुल असेल तर वरची हवा जेमतेम लिटरभर, त्यातून थोडं पेट्रोल गेलं तरी दाब पुरेसा घटतो. टाकी रिकामी असेल तर हवा भरपूर, तेवढंच पेट्रोल गेल्याने काही बिघडत नाही. उन्हात टाकी तापते, पेट्रोलची वाफ धरते, ती पोकळी भरून काढते. पावसाने टाकी एकदम गार पडते, वाफ आटते, पोकळी वाढते. पाऊस इंजिनपर्यंत पोचलाच नव्हता, तो टाकीवर पडत होता एवढंच. तीन दिवस डोकं खाल्लेला एकेक आकडा जागेवर बसला.

त्याच रात्री

झाकणाचे तीन स्क्रू काढले. झाकण टाकीच्या पातळीत बसणारं आहे, त्याच्याभोवती खोलगट कडं, आणि त्यातलं पाणी वाहून जायला टाकीतून आरपार खाली जाणारी नळी. आता आठवलं की गाडी धुतल्यावर त्या कड्यात पाणी साचून राहायचं आणि मी ते फडक्याने टिपून घ्यायचो. महिनोन् महिने टिपत होतो!

नळीचं खालचं टोक इंजिनच्या मागे लोंबतं. त्यात सायकलच्या ब्रेकची वायर सरकवली तर दोन बोटांवर अडली. फिरवत, टोचत राहिलो तेव्हा पिठासारखी माती गळायला लागली आणि मग एक अख्खा गोळा सुटून आला, वाटाण्याएवढा, आतून पोकळ, एका बाजूला वाळलेल्या अळीची साल चिकटलेली. कुंभारीण माशी. पडवीच्या तुळईवर तिची घरं आहेतच, स्विचबोर्डाच्या भोकात आहेत, एकदा कुलपात होती. गेल्या वर्षी गाडी दोन महिने उभी होती तेव्हा तिला आयती नळी मिळाली.

खालून वाट बंद म्हणून कड्यात पाणी साचलं, त्या पाण्यात आमची तांबडी धूळ, आणि तो चिखल झाकणाच्या वाटेत शिरून सुकला. झाकणाच्या पोटातला भाग उघडला तर भोकाभोवती विटेच्या रंगाची खपली. शेजारच्या मुलाकडून गिटारची तुटलेली सगळ्यात बारीक तार आणली, तिने मोकळं केलं, रॉकेल न मिळाल्याने पेट्रोलनेच धुतलं, तोंडाने फुंकून पाहिलं. हवा दोन्हीकडून आली. पेट्रोलची चव दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत टिकली, हे करू नका, सायकलचा पंप लावा.

झाकण बंद, टाकी फुल, बाटली: १०० मिली २६ सेकंदांत.

६१,९०५

रविवारी पाऊस मुसळधार, टाकी मुद्दाम काठोकाठ. पत्रादेवी, तोरसे, मालपे. साडेतीन मिनिटं झाली, सहा झाली, मी कान टवकारून. धारगळ गेलं. कोलवाळच्या पुलावर शापोरा फुगलेली दिसत होती आणि काटा जिथल्या तिथे. करासवाड्याला थांबून प्लग काढला: बिस्किटाच्या रंगाचा. आधीचा पांढराफटक असायचा, ही पेट्रोल कमी पडत असल्याची खूण, तेही मी 'नवा आहे म्हणून' असं समजून सोडून दिलं होतं.

त्यानंतर २०० च्या वर किलोमीटर झाले, एकदा सावंतवाडीलाही जाऊन आलो. मिसिंग नाही. पिकअपला ३,५०० आरपीएमच्या आसपास एक हलका खड्डा अजून आहे, तो पूर्वीपासूनचा. टॅपेटचं (इंजिनच्या व्हॉल्व्हपाशी ठेवायच्या फटीचं) सेटिंग बघायचं आहे, ती फट मोजायचा फीलर गेज मिळाला की चवथीच्या सुट्टीत करीन. नळीच्या टोकाला मच्छरदाणीचा तुकडा दोऱ्याने बांधला आहे. आठवड्याने पाहिलं तर त्यावर चिखल उडून बसला होता, तेव्हा हा उपाय पक्का धरू नका. कोणी याहून बरं काही लावलं असेल तर सांगा.